मग ती काय म्हणाली?

लग्न झालेल्या पुरुषाला दोन गोष्टी पाठ असाव्या लागतात. एक, स्वतःच्या लग्नाची तारीख. आणि दुसरी, बायकोवरचा एक विनोद. पहिली मी आजवर दोनदा विसरलो आहे. दुसरी मात्र छत्तीस वर्षांत एकदाही नाही.

माझा विनोद असा: "आमच्या घरात कामाची वाटणी आहे. छोटे निर्णय ही घेते, मोठे मी घेतो. मुलीला कुठल्या शाळेत घालायचं, फ्लॅट कुठं घ्यायचा, कुणाला किती आहेर करायचा, हे झाले छोटे. अमेरिकेनं चीनशी कसं वागावं, संयुक्त राष्ट्रसंघात कुणाला घ्यावं, हे मोठे!" हा विनोद माझा नाही हे सुज्ञ वाचकांनी ओळखलंच असेल. तो कुणाचाच नाही. सार्वजनिक वाचनालयातल्या पुस्तकासारखा तो हातोहात फिरून कोपरे दुमडलेला आहे. पण मुंजीत, डोहाळजेवणात, सोसायटीच्या कोजागिरीला आणि ऑफिसातल्या निरोपसमारंभात (त्यात माझा स्वतःचाही आला) मी तो इतक्यांदा सांगितला आहे की, मालकी हक्क नाही तरी वहिवाटीचा हक्क माझ्याकडे यायला हरकत नाही. अशा वेळी आमची ही पोह्यांचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी असायची आणि हसायची. त्या हसण्याला मी दाद समजत होतो. तो गैरसमज दूर व्हायला मला थेट मेक्सिकोला जावं लागलं.

झालं असं की, मुलगी आणि जावईबापू नोकरीनिमित्त मेक्सिकोत ग्वादालाहारा नावाच्या शहरात राहायला गेले. हालिस्को राज्याची ही राजधानी. आपल्याकडे सातारचे कंदी पेढे किंवा पैठणची पैठणी, तसे या हालिस्कोचे मारियाची. मारियाची म्हणजे रुंद काठाच्या टोप्या आणि चांदीच्या बटणांचे घट्ट कपडे घालून गाणारं वादकांचं टोळकं. व्हायोलिनं, ट्रंपेट, गिटार, तिची एक धाकटी बहीण आणि एक ढेरपोटा थोरला भाऊ असा सगळा एकत्र कुटुंबाचा कारभार. युनेस्कोनं २०११ साली या मारियाचीला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घातलं. हे मला नंतर कळलं. माझी त्यांची पहिली भेट झाली तेव्हा तो वारसा माझ्या उशाशी पहाटे चार वाजता ट्रंपेट वाजवत होता.

आम्ही पोचलो ते २०२५ च्या मे महिन्यात, आठ तारखेला. दहा मेला पहाटे मी दचकून उठलो. आग लागली असावी किंवा क्रांती झाली असावी, अशी माझी समजूत झाली. मेक्सिकोत १९१० साली एक झाली होती हे वाचलं होतं, तेव्हा दुसरीला फार उशीर झाला असंही म्हणता आलं नसतं. मी पासपोर्ट शोधू लागलो. ही मात्र खिडकीशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, इकडे या. काय सुंदर गातायत!"

तर ती क्रांती नव्हती, मातृदिन होता. मेक्सिकोत तो १९२२ पासून दहा मेलाच असतो, मग वार कुठलाही असो. आणि त्या पहाटे लेकरं मारियाची घेऊन आईच्या खिडकीखाली गायला येतात. खाली राहणाऱ्या घरमालकीणबाईंचे दोन्ही चिरंजीव, ढेऱ्या सुटलेले, डोळे पुसत उभे होते.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंनी आम्हांला कॉफीला बोलावलं. सत्तरीच्या बाई, अंगानं भारी, आवाजानं त्याहून भारी. मुलगी दुभाषाचं काम करायला सोबत होती. बाई म्हणाल्या, पोरांचं ठीक आहे, खरी मजा नवऱ्याच्या गाण्याची. भांडण झालं की इकडे नवरा रात्री मारियाची घेऊन खिडकीखाली येतो. आतला दिवा लागला की समजायचं, माफ केलं. दिवा लागला नाही तर गात राहायचं.

"तुमच्या यजमानांनी आणले होते?" हिनं विचारलं.

"चारदा. मारियाची गाण्यागणिक पैसे घेतात, म्हणून मी चौथ्या गाण्याच्या आत कधी दिवा लावला नाही."

दोघी खूप हसल्या. भाषांतर होण्याआधीच ही हसली होती हे माझ्या लक्षात आलं. वर जिना चढताना हिनं सहज विचारलं, "आपलं भांडण झालं की तुम्ही काय आणता हो?"

"जिलबी," मी म्हणालो.

"पाव किलो," ती म्हणाली.

त्या दिवसापासून दुपारी मालकीणबाईंच्या अंगणात आमचा गाण्याचा वर्ग भरू लागला. बाई गाणी लावत, अर्थ सांगत, मुलगी मराठीत आणी, आणि ही मन लावून ऐके. मी पेन्शनर माणूस. कॉफी फुकट होती म्हणून बसत होतो. पण हळूहळू मला तिथं एकदम माहेरी आल्यासारखं वाटू लागलं. कारण त्यांची जी 'रान्चेरा' नावाची गाणी, म्हणजे आपण रानातली किंवा गावाकडची म्हणू, ती बहुतेक सगळी माझ्या बाजूची होती.

रान्चेरातला पुरुष फार दुःखी असतो. बायकोनं सोडलेलं असतं, किंवा सोडणार असते, किंवा सोडत नाही हेच दुःख असतं. तो दारूच्या गुत्त्यात बसतो, दोस्ताच्या गळ्यात पडतो, आणखी एक बाटली मागवतो आणि गळा काढतो. या दुःखाचे मोठे कवी म्हणजे होसे आल्फ्रेदो हिमेनेझ. जन्म १९२६, मृत्यू १९७३. या गृहस्थांना स्वरलिपी येत नव्हती आणि एकही वाद्य वाजवता येत नव्हतं. चाली तोंडानं म्हणून दाखवायचे आणि जाणकार त्या उतरवून घ्यायचे. दोलोरेस इदाल्गो या त्यांच्या गावी त्यांची समाधी आहे ती एका अवाढव्य टोपीच्या आकाराची, शेजारी रंगीबेरंगी घोंगडीची लांबलचक सळसळ. रडण्याचं एवढं मोठं स्मारक पुरुषजातीला दुसरीकडे कुठं मिळालं असेल असं मला वाटत नाही. माझी छाती उगाचच भरून आली.

"पण ती काय म्हणाली?" हिनं विचारलं.

"कोण?"

"ती. जिच्या नावानं हा इतका रडतोय ती."

मालकीणबाईंनी हिच्याकडे असं पाहिलं, की वर्गात प्रथमच कुणीतरी शहाणा प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, ती काय म्हणणार? ती तिथं नव्हतीच. मेक्सिकोच्या राजधानीत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत त्या गुत्त्यांत बायकांना पाऊल टाकायला बंदी होती. दारावर पाटीच असायची. म्हणजे बघा, खटला बाईवर, तक्रारदार पुरुष, साक्षीदार त्याचे दोस्त, न्यायाधीश बाटली. आणि आरोपीला कोर्टाच्या आवारात यायची परवानगी नाही. निकाल एकतर्फी लागणार, यात नवल ते काय?

मी कॉफीत साखर घालून घेतली. आधीच दोन चमचे घातलेली होती.

मला सावरायला चावा फ्लोरेस धावून आले. हे खरे माझ्या गोत्रातले. जन्म १९२०, मेक्सिको शहराच्या जुन्या वस्तीतला, मृत्यू १९८७. शिवणकामापासून विक्रेत्यापर्यंत नाना धंदे करून हा माणूस गाण्यांकडे वळला, आणि त्यानं शहरातल्या गरीब, गर्दीच्या, भांडखोर आणि प्रेमळ लोकांवर विनोदी गाणी रचली. तिकडे 'वेसिंदाद' नावाचा घरांचा प्रकार आहे. मधे चौक, चौकात सगळ्यांचा मिळून नळ, भोवती एकेक खोलीचे संसार, आणि या दोरीवरचे कपडे त्या दोरीवर गेले की महायुद्ध. मुलीला भाषांतर करायला पाच मिनिटं लागली, मी एका शब्दात केलं, "चाळ!" चावा फ्लोरेस यांचं अशाच चाळीतल्या लग्नाचं एक गाणं आहे. आठ नंबरच्या खोलीतली नवरी, चौकभर पताका, आणि जेवणावळीपासून मारामारीपर्यंत सगळी चाळ त्यात हजर. गिरगावात लहानपण काढलेल्या माणसाला ते गाणं समजायला स्पॅनिश येण्याची गरज नाही.

त्यांचंच दुसरं गाणं एका नवऱ्याचं. हा घरातून निघताना बार्तोला नावाच्या आपल्या बायकोला दोन पेसो देतो. हिशेबही सांगतो. यातून घरभाडं दे, टेलिफोनचं बिल दे, विजेचं बिल दे. उरतील त्यातून तुझा घरखर्च घे. आणि त्यातूनही जे उरेल ते माझ्या घोटभर दारूसाठी नीट जपून ठेव.

मी खो खो हसलो. अगदी मांडीवर थाप मारून. नवरेपणाचं इतकं नेमकं चित्र मी पाहिलं नव्हतं. माझ्या पहिल्या पगारातली ठराविक रक्कम मी हिच्या हातात ठेवून असंच एक छोटं भाषण केलं होतं. त्यात दारू नव्हती, एका कॅमेऱ्यासाठी शिल्लक टाकायची होती, एवढाच फरक.

ही हसली. पण मग म्हणाली, "मग बार्तोला काय म्हणाली?"

"काही नाही," मुलगी म्हणाली. "गाणं नवऱ्याचंच आहे, आई."

"कॅमेरा आला होता," ही माझ्याकडे न बघता म्हणाली. "चौदा महिन्यांनी."

चौदा! मला आठवतही नव्हतं. तो कॅमेरा मी पुढे प्रवासात कुठेतरी विसरलो, तेही मला आत्ताच आठवलं. विनोदी गाण्यांत हिशेब बघू नये असं मी म्हणणार होतो. पण या गाण्यात हिशेबाखेरीज दुसरं काहीच नव्हतं.

मालकीणबाई म्हणाल्या, या माणसाला नावं ठेवू नका. बार्तोलाच्या घरी दोन पेसोंत काय भागत होतं हे देशाला त्यानंच सांगितलं, आणि हसवून सांगितलं. तो गाणी करू लागला १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला. मेक्सिकोत बायकांना देशाच्या निवडणुकीत मत द्यायचा हक्क मिळाला १९५३ साली. म्हणजे बार्तोलाला राष्ट्राध्यक्ष निवडता येऊ लागला होता, पण घरातल्या तिसऱ्या पेसोबद्दल मत नव्हतं.

मोठे निर्णय आणि छोटे निर्णय. मी गप्प बसलो.

एके दिवशी बाईंनी एक 'कोरीदो' ऐकवला. कोरीदो म्हणजे त्यांचा पोवाडा म्हणा ना. दरोडे, लढाया, घोडे, खून सगळं त्यात येतं. हा होता रोसीता आल्वीरेझ नावाच्या मुलीचा. सालतीयो शहर, साल १९००. आई सांगते, आज रात्री नाचाला जाऊ नकोस. पोरगी जाते. एक पुरुष तिला आपल्याबरोबर नाचायला बोलावतो. ती नाही म्हणते. तो पिस्तूल काढून तीन गोळ्या झाडतो. आणि शेवटी गाणाऱ्यानं मिश्कील चेहरा करून सांगायचं की पोरीचं नशीब बलवत्तर, तीनपैकी एकच गोळी जिवावरची होती.

इतकी वर्षं लोक या जागी हसत आले आहेत, बाई म्हणाल्या. मीसुद्धा हसायचे. चाल मोठी ठसकेबाज आहे.

कुणीच काही बोललं नाही. ह्या खेपेला हिनं तो प्रश्न विचारला नाही. विचारायचं कारणच नव्हतं. ती काय म्हणाली ते सगळ्यांना ठाऊक होतं. ती 'नाही' म्हणाली होती, आणि तेवढंच म्हणाली होती.

मला आमच्या कॉलेजातलं स्नेहसंमेलन आठवलं, आणि तिथं एका मुलीनं 'नाही' म्हटल्यावर आम्ही पोरांनी वर्षभर तिच्या नावानं ज्या कविता केल्या त्या आठवल्या. फार विनोदी होत्या. ती मुलगी पुढल्या वर्षी कॉलेजात दिसली नाही. याचा त्याच्याशी काही संबंध असेल असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. वाटायला हवं होतं, हे सांगायला मी काही या लेखात आलो नव्हतो. पण आलोच आहे तर सांगून टाकतो.

हवा जरा जड झाली म्हणून की काय, मालकीणबाईंनी दुसऱ्या दिवशी उत्तरपक्षाची कपाटं उघडली. मला वाटलं होतं, उत्तरं अलीकडची असतील. पण बाईंनी सुरुवात केली ती १७६६ पासून! बाई मूळच्या वेराक्रूझच्या, म्हणजे अटलांटिकच्या बाजूच्या बंदराच्या. तिथं 'चुचुम्बे' नावाचा एक नाच निघाला. साध्यासुध्या लोकांच्या घरी, खलाशी आणि शिपाई यांच्यात, पोटाला पोट लावून नाचायचं आणि कडवी म्हणायची. कडव्यांत ब्रह्मचारी साधूंची आणि नवराबायकोंची यथेच्छ टर. धर्मपीठाच्या न्यायालयाचं पित्त खवळलं. १७६६ साली बंदी आली. बंदी घालायची म्हणजे पुरावा हवा, म्हणून धर्माधिकाऱ्यांनी ती सगळी चावट कडवी स्वच्छ अक्षरात उतरवून दप्तरी दाखल केली. मूळ गाणारे गेले, चाल हरवली. पण कडवी दप्तरात शाबूत राहिली, आणि दोनशे वर्षांनी वेराक्रूझच्या गाणाऱ्यांनी तीच उचलून नवी गाणी बांधली. सरकारी फायलीत टाकलेली गोष्ट कधी गहाळ होत नाही, याचं माझ्या पाहण्यातलं हे एकमेव उदाहरण.

मग लुचा रेयेस. जन्म १९०६, याच ग्वादालाहारातला. युरोपच्या दौऱ्यात आवाज बसला. परतली ती घोगरा, फाटका आवाज घेऊन. आणि त्याच आवाजात तिनं पुरुषांची रान्चेरा गायला घेतली, हुंदके, आरोळ्या, मस्ती सगळ्यांसकट. नाजूक गळ्याच्या बायकांनी नाजूक गावं हा नियम तिच्यापाशी संपला. मग चावेला वार्गास. जन्म कोस्टा रिकाचा, १९१९ सालचा, गाणं मेक्सिकोचं. अंगात पँट आणि वर घोंगडी. पुरुषांनी बाईला उद्देशून लिहिलेली प्रेमगीतं ती एका शब्दाचाही बदल न करता बाईलाच उद्देशून गात असे. ज्यांना कळायचं त्यांना कळत होतं. उतारवयात तिनं ते जाहीरपणे सांगूनही टाकलं. २०१२ साली त्र्याण्णव वर्षांची होऊन गेली.

आणि शेवटी बाईंनी पदर खोचला. म्हणजे पदर नव्हता, एप्रन होता, पण आविर्भाव पदर खोचल्याचाच होता. "आता पाकीता," त्या म्हणाल्या.

पाकीता ला देल बार्रियो, म्हणजे 'वस्तीतली पाकीता'. वेराक्रूझचीच, १९४७ सालचा जन्म. पोरवयात लग्न झालं ते एका वयस्क माणसाशी, आणि त्याची आधीची बायको हयात असल्याचं नंतर समजलं. दुसरा संसार बराच काळ टिकला, पण तिथंही नवऱ्याच्या भानगडी निघाल्या. एवढं भांडवल जमल्यावर कुणी रडलं असतं. ही बाई मेक्सिको शहरातल्या आपल्या खानावळीत उभी राहून गाऊ लागली. एका गाण्याचं नावच 'दोन पायांचा उंदीर'. त्यात एका पुरुषाची तुलना उंदरापासून सुरू होते आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचं सबंध प्राणिसंग्रहालय फिरून येते. मधेच गाणं थांबवून ती समोरच्या पुरुषांना विचारायची, ऐकतोयस का रे, कुचकामी माणसा? आणि समोर बसलेले पुरुष, पैसे देऊन आत आलेले, आनंदानं टाळ्या वाजवायचे! फेब्रुवारी २०२५ मध्ये ती गेली. आम्ही पोचलो त्याला तीनच महिने झाले होते, आणि बाईंच्या स्वयंपाकघरात तिच्या फोटोपुढे अजून फूल होतं.

"आपल्याकडे नाथांनी भारुडात बाईला असंच बोलायला लावलंय," ही म्हणाली. "सासू, सासरा, नवरा, सगळ्यांना त्रासून देवीला नवस बोलते ती."

"त्याचा अर्थ आध्यात्मिक आहे," मी म्हणालो.

"असेल. पण बायका हसतात त्या अध्यात्माला नाही."

जूनमध्ये मालकीणबाईंच्या भाचीचं लग्न निघालं, आणि बाई आम्हां सगळ्यांना वेराक्रूझला घेऊन गेल्या. आधी सरकारी लग्न. मेक्सिकोत नोंदणीविवाहाचा कायदा १८५९ सालचा. त्यात मेल्चोर ओकाम्पो नावाच्या पुढाऱ्यानं वधूवरांसाठी उपदेश लिहिला होता. नवऱ्यानं शौर्य दाखवावं, पोसावं, रक्षण करावं. बायकोनं आज्ञा पाळावी, गोड वागावं, पोशिंद्याचा मान ठेवावा. शंभर वर्षांहून अधिक काळ मेक्सिकोतली जोडपी उभं राहून ते ऐकत होती. बाईंच्या लग्नात तो सबंध वाचला होता. हल्ली पुष्कळ ठिकाणी वाचत नाहीत. भाचीच्या लग्नातही कुणी वाचला नाही. बाई माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "या ओकाम्पोला चार मुली होत्या. लग्न मात्र त्यानं कधीच केलं नाही." विवाहावर इतक्या आत्मविश्वासानं लिहायचं, तर तेच बरं.

रात्री अंगणात फान्दांगो. मधे लाकडी चौथरा. त्यावर टाचा आपटून नाचायचं, म्हणजे चौथरा हाच ढोल. भोवती लहान गिटारी आणि एक वीणेसारखं उभं वाद्य. काही गाण्यांना चौथऱ्यावर फक्त बायका चढतात. पुरुषांनी वाजवायचं आणि बघायचं. आणि गाण्याची रीत अशी की एकानं कडवं टाकलं की समोरून दुसरं कुणीतरी उत्तराचं कडवं टाकतं. ऐकून घेऊन गप्प बसणं हा तिथं नियमभंग.

मग 'ला बाम्बा' झालं. एका नर्तक जोडीनं जमिनीवर लांब लाल फीत टाकली, आणि हात न लावता, नुसत्या पावलांनी, नाचता नाचता तिची फुलासारखी गाठ बांधली. पूर्वी लग्नात नवरानवरी हे करत. आपल्याकडे उपरण्याची गाठ भटजी बांधतात, त्यामुळे नवऱ्याला कसलीच मेहनत नसते. कुणीतरी आम्हांलाही ओढलं. मी घाबरून एका जागी उभा राहिलो. ही बिचारी फीत ओढत माझ्याभोवती फिरली. दोन मिनिटांत फितीचा एक उत्तम फास माझ्या घोट्यांना बसला. मालकीणबाई लांबून ओरडल्या. मुलीनं भाषांतर केलं, "त्या म्हणतायत, एकच जण हलला तर गाठ होत नाही, बाबा."

गेलेली अब्रू परत मिळवावी म्हणून, आणि पुरुषमंडळींनी आग्रह केला म्हणून, मी माझा विनोद सांगितला. छोटे निर्णय, मोठे निर्णय, सगळा. मुलीनं स्पॅनिश केलं. पुरुष हसले, पाठीवर थापा पडल्या. एक म्हातारा म्हणाला, हा आमच्याकडचाच आहे, माझे आजोबा सांगायचे. आणि मग, कडव्याला कडवं हवं या नियमानं, अंगणातल्या सगळ्या बायका हिच्याकडे वळल्या. गिटारी नुसत्या ठेका धरून थांबल्या.

मी म्हणालो, "राहू दे, तिला सवय नाही."

ही उठली. पदर सारखा केला. लग्नात घास भरवताना उभी होती तशीच उभी राहिली, आणि म्हणाली:

"पेन्शन आली बँकेत, डोक्यावर पडलं टक्कल,
छत्तीस वर्षांत —रावांना आली नाही कुकर उघडायची अक्कल."

मुलगी भाषांतर करायच्या आधी इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. भाषांतर झालं तेव्हा चौथऱ्यावर ज्या टाचा आपटल्या, त्या मी जन्मात विसरणार नाही. पुरुषांनी लांबलचक आरोळ्या ठोकल्या. मालकीणबाईंनी हिला छातीशी धरलं. मी हसलो. दारात पोह्यांचा ट्रे घेऊन उभं राहिलं की जसं हसावं लागतं, तसं हसलो. त्या हसण्याला किती जोर लागतो हे मला त्या रात्री समजलं. ही ते छत्तीस वर्षं करत होती, आणि वर हातात पोहे.

हॉटेलवर परतताना मी विचारलं, "हा उखाणा आत्ता सुचला?"

"नाही हो," ही म्हणाली. "आपल्या पंचविसाव्या वाढदिवसाला केला होता. तेव्हा अकरा वर्षं नव्हती मोजायची, एवढंच. आणि टक्कलही थोडं कमी होतं."

"मग तेव्हा का नाही म्हणालीस?"

"तुमचा विनोद चालला होता."

पुण्याला परत आल्यावर सोसायटीची कोजागिरी आली. लोकांनी आग्रह केला, मी विनोद सांगितला. मग मीच म्हणालो, "आता ही काय म्हणते ते ऐका." आता असं झालंय की माझा विनोद कधी संपतो याची लोक वाट बघतात. हिचे उखाणे वाढत चालले आहेत. सातपर्यंत माझी मोजणी आहे. शेजारच्या वहिनींनीही परवा एक करून पाहिला. शेजारी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

कुकरचं म्हणाल तर मी शिकलो. तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करायचा, हे मला आता झोपेत विचारा. पण बंद केल्यावर उघडायचा केव्हा, याबद्दल थोडी घाई झाली. वरण छताला लागलं ते काढायला माणूस बोलवायचा, की मी स्वतः शिडीवर चढायचं, हा प्रश्न सध्या घरात आहे. हा निर्णय छोटा की मोठा, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.